भडकल दरवाजा ते खुलताबाद : सायकलीवरची एक सहल

औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण भडकल दरवाजा होता तिथेच उभा आहे. मलिक अंबरने १६१२ साली तो बांधला. जानेवारीतल्या एका रविवारी, फज्रची नमाज आटोपून, पावणेसातच्या सुमारास आमच्या शाळेच्या सायकल क्लबची सतरा मुले या दरवाजापाशी जमली. अकरा मुली, सहा मुलगे, सगळी सातवी ते नववीतली. जायचे होते खुलताबादला, मलिक अंबरच्या कबरीपर्यंत. अंतर सुमारे २५ किलोमीटर. येताना मुले आणि सायकली टेम्पोतून आणायच्या, हे पालकांना आधीच कळवले होते. घाट चढायला शिकवता येतो. उतारावर वेगाची नशा चढलेल्या मुलाला आवरणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता होतो, १६१० च्या सुमारास खडकी गावाचे शहर करतो आणि नहरी खोदून त्याला पाणी देतो, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले ऐकतात आणि विसरतात. मग वाटले, त्याच्या दरवाजापासून त्याच्या कबरीपर्यंत मुलांना स्वतःच्या पायांनी जाऊ द्यावे. त्यासाठी तीन महिने तयारी चालली होती.

तयारी म्हणजे काही मोठे नव्हे. दर शनिवारी शाळेच्या मैदानात एक तास. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली की पाय खाली सरळ झाला पाहिजे, एवढी सीटची उंची. बहुतेक मुले सीट फार खाली ठेवतात आणि चार किलोमीटरमध्ये गुडघे धरून बसतात. पुढचा ब्रेक एकटा कधीच दाबायचा नाही. दोन सायकलींमध्ये दोन सायकलींएवढी जागा सोडायची. रस्त्यावर एकामागे एक, जोडीने गप्पा मारत नाही. पंक्चर प्रत्येकाला काढता आले पाहिजे. आणि ओढणी खांद्यावरून काढून कमरेला बांधायची, दोन्ही टोके आत खोचायची. चेनकव्हर नसलेली सायकल रस्त्यावर येणार नाही.

हा शेवटचा नियम मी एका मुलीच्या हनुवटीवरच्या तीन टाक्यांतून शिकले. दोन वर्षांपूर्वी क्लब नवा होता. पाणचक्कीपर्यंतच्या पहिल्याच फेरीत नववीतल्या एका मुलीची ओढणी चेनमध्ये गेली आणि ती तोंडावर पडली. निघण्यापूर्वी मी सगळ्यांच्या टायरमधली हवा तपासली होती, ब्रेक तपासले होते. ओढणीकडे पाहिलेच नव्हते. तिचे अब्बा दवाखान्यात आले, मला एक शब्दही वावगा बोलले नाहीत, पण त्या दिवसानंतर ती सायकलवर बसली नाही. दहावीनंतर कॉलेज लांब पडले, रोजचे रिक्षाचे भाडे परवडेना, शिक्षण थांबले. आणखीही कारणे असतील. तरी तो हिशेब माझ्या मनातून जात नाही.

यंदा तिचीच धाकटी बहीण, आठवीतली, क्लबात आली. अब्बांनी परवानगी दिली ती एका अटीवर. “मॅडम, दौलताबाद तक ठीक है. आगे घाट है, नक्को. मैं किले पे आके उसको ले जाऊंगा.” मी मान्य केले. नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हते.

छावणी ओलांडून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा असा रस्ता. क्रीडाशिक्षक सर्वांत पुढे, मी सर्वांत मागे, टेम्पो माझ्या मागे. थंडी चांगलीच होती, मुलांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. जिथे जुने वड अजून उभे आहेत, तिथे सावलीत हात आणखी गारठत. सहा मुलगे पहिल्या पाच किलोमीटरमध्ये सुसाट गेले. क्रीडाशिक्षकांनी त्यांना रस्त्याच्या कडेला थांबवून ठेवले. शेवटची सायकल येईपर्यंत पुढची हलत नाही, हा आमचा नियम. दोनदा असे ताटकळल्यावर त्यांचा वेग आपोआप कमी झाला. शेवटची सायकल अर्थातच त्या आठवीतल्या मुलीची होती. तिची सायकल जड होती, बहिणीचीही नव्हे, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली.

साडेआठला किल्ला समोर आला. आधी चाँद मिनार दिसतो, मग त्यामागचा तासलेला काळा कडा. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे हलवली, हे मुलांना ठाऊक होते. पण त्या लोकांबरोबर सूफी आले, कवी आले, कारागीर आले, हे त्यांना नवे होते. याच किल्ल्यावर पुढे जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि संत एकनाथ त्यांच्याकडे शिकायला राहिले. “म्हणजे आपल्या पुस्तकातले एकनाथ?” एका मुलीने विचारले. तेच. ज्यांची भारुडे मी वर्गात शिकवते, ते इथे विद्यार्थी होते. मुलांनी तिखटमीठ लावलेले पेरू खाल्ले आणि किल्ल्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले.

अब्बा मोटारसायकलवर हजर होते. मुलगी काहीच बोलली नाही. सायकल स्टँडवर लावून ओढणीची खोचलेली टोके सोडायला लागली. मी म्हटले, “भाईजान, घाट चढायला दोन तीन किलोमीटर आहे. ती हाताने ढकलत आली तरी चालेल. मी तिच्याबरोबर चालेन.” त्यांनी सायकलीकडे पाहिले. वाकून ब्रेक दाबून बघितले, पुढचा आणि मागचा. चेनकव्हर हलवून बघितले. मग म्हणाले, “पीछे मैं चलता.”

किल्ल्यापुढे रस्ता जुन्या दगडी दरवाजातून जातो. एका वेळी एकच मोठी गाडी निघते आणि सुट्टीच्या दिवशी दहानंतर तिथे वाहने तुंबतात. म्हणूनच आम्ही नऊच्या आत तो ओलांडायचे ठरवले होते. दरवाजानंतर चढ सुरू होतो. मुलांना एकच सांगितले होते, श्वास लागला तर उतरा, उतरण्यात कमीपणा नाही. पहिल्या वळणावर चौघी उतरल्या, दुसऱ्यावर सुसाटवाल्या मुलांपैकी तिघे. मी स्वतः तिसऱ्यावर उतरले. आठवीतली मुलगी मात्र हळूहळू, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, पॅडल मारत राहिली. दोनदा थांबली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. तिच्यामागे अब्बांची मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत होती, दिवा लावलेला. मागून येणाऱ्या गाड्यांना ते हात करून बाजूने काढत होते. वर पोहोचल्यावर सगळ्यांनी मागे वळून पाहिले. खाली आख्खा किल्ला दिसत होता, आणि घाटातून वर येणारा तो शेवटचा दिवा.

पठारावर कागजीपुरा लागते. हातकागदासाठी हे गाव पिढ्यान्पिढ्या प्रसिद्ध आहे. चिंध्यांचा लगदा करून, तो पाण्यात कालवून, जाळीवर उचलून ताव काढायचा ही इथली कला. ज्या कागदावर कुरआनच्या प्रती लिहिल्या गेल्या, त्याच जातीचा कागद मुलांनी बोटांनी चाचपून पाहिला. एकाने एक ताव विकत घेतला आणि तो दुमडू नये म्हणून टेम्पोवाल्याच्या हवाली केला.

खुलताबादला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. शेख बुऱ्हानुद्दीन गरीब, जर जरी जर बक्ष, झैनुद्दीन शिराजी, दिल्लीचे फारसी कवी अमीर हसन सिजझी, नंतरचे आझाद बिलग्रामी अशी कितीतरी माणसे या छोट्या गावाच्या मातीत आहेत. मलिक अंबरचा घुमट गावाच्या वायव्येला. १६२६ मध्ये तो वारला. भक्कम दगडी इमारत, आत शांतता. मुलांनी फातिहा पढली. मग एका मुलाने विचारले, “मॅडम, तो लहानपणी विकला गेला, तर त्याच्या अम्मीला कधी कळले असेल का, तो कुठे आहे?” याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. आम्ही सगळे थोडा वेळ गप्प बसलो. वर्गात हा प्रश्न कधीच आला नसता.

डबे उघडले. अब्बांनाही आग्रहाने बसवले. जेवण झाल्यावर ते उठून सायकलींच्या रांगेकडे गेले आणि एकेक चेनकव्हर निरखून पाहू लागले. मी जवळ गेले तेव्हा विचारले, “मॅडम, ये कवर अलग से मिलता क्या? घर में बडी की सायकल पडी है.”

मिळते, मी म्हटले. शहागंजात सायकलच्या दुकानात मिळेल. सीटही जरा वर घ्यावी लागेल, ती आता उंच झाली असेल. “अगले शनिचर को सायकल लेके भेजिए, मी बसवून देते,” उर्दू-मराठी एकत्र झाले तरी त्यांना समजले.

त्या शनिवारी मी मैदानात पान्हा घेऊन थोडी लवकरच गेले. दोघी बहिणी आल्या होत्या. मोठी सायकल हाताने धरून चालत आली होती. ओढणी मात्र घरूनच कमरेला बांधलेली होती.