नेट येईना? ठिबकसारखं एका टोकापासून बघत जा

ठिबकला पाणी येईना झालं की आपण आधी मोटर बघतो, मग फिल्टर, मग नळ्या. लॅपटॉपच्या नेटचंही तसंच आहे.

१) आधी मोबाईलवर नेट चालतंय का बघा. तिथंच नसेल तर लॅपटॉपचा दोष नाही, रेंज किंवा रिचार्ज बघा.

२) लॅपटॉपचा विमान मोड बंद करा. कीबोर्डवरचं बटण कधी चुकून दाबलं जातं.

३) हॉटस्पॉटचं नावच दिसत नसेल तर मोबाईलमध्ये बँड ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ करा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपला ५ वाला धरत नाही.

४) जोडलेलं दाखवतंय पण साइट उघडत नाही? मग तारीख-वेळ बघा. पीक विम्याच्या मुदतीला दोन दिवस उरलेले तेव्हा आमच्या लॅपटॉपचं दुखणं हेच निघालं. आतला छोटा सेल उतरला की तारीख मागं जाते, आणि सरकारी साइटा, बँकेच्या साइटा उघडत नाहीत. तारीख नीट केली, फॉर्म गेला.

तरी नाहीच जमलं तर चार्जिंगच्या वायरनं मोबाईल लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. वायफायची भानगडच नको.

आणि शेवटच्या दिवसावर काही ठेवू नका.