टॅबचा हिशेब

लेक धुळ्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. तिला टॅब हवाय. जळगावचा दुकानदार मेमरी सांगतो, कॅमेरा सांगतो. मला 2011 चा ‘आकाश’ टॅब आठवतो: सात इंची पडदा, 256 एमबी रॅम. स्वस्त होता, पण पडदा स्पर्शानं नव्हे, दाबानं चालायचा.

खरा प्रश्न आपल्या उन्हाचा. आयपॅड 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असं अ‍ॅपल सांगते; आमचा मे महिना 45 गाठतो. उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते. त्यात लेकीची खोली पत्र्याची.

तिच्या तयारीला लागणारी बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण मोबाइलवर वाचताना डोळ्यांचं भरीत होतं. म्हणून दहा इंची, मधल्या किमतीचा, मेमरी कार्डाची सोय असलेला टॅब घेतोय. आयपॅड नाही. टॅबवर लिहायच्या पेनचं दिवाळीत बघू.