एका टायमाला एकच नट

धरणगाव म्हटलं की मराठीचे सर लगेच म्हणतात, "बालकवींचं गाव!" १८९० साली बालकवी आमच्या गावात जन्मले, हे खरंच. पण १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल कोअर नावाची पलटण उभारली, तिचं ठाणंही धरणगावच होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणजे आमच्या गावाचं नातं कवितेशी आहे तसंच बंदुकीशीही. मी पडले कॉन्व्हेंटची, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल तर विचारूच नका! म्हणून कविता सोडून मी बंदुकीकडे वळले.

सेकंड इयरला एनसीसीच्या कॅम्पमध्ये पॉइंट टू-टू रायफल हातात आली. ही रिमफायर. हिच्या काडतुसात पेट घेणारं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं. फायरिंग पिन त्या कडेवर आदळली की बार उडतो. गोळी शिशाची, साधारण अडीच ग्रॅमची. धक्का नावापुरताच. मला वाटलं, हे तर एकदम सोपं!

पंचवीस मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. टार्गेट हातात आलं तर पाच भोकं पाच दिशांना. उस्ताद म्हणाले, "बेटा, ये ग्रुप है या मेला?" सगळ्या हसल्या.

मग काय, पुढचे दोन दिवस मी काय काय नाही केलं! कोपर सरकवलं, स्लिंग आवळला, साइट हलवली, काडतुसांचं पाकीट बदललं, बॅरल साफ करून घेतलं. तेही सगळं एकदमच! कधी ग्रुप जमायचा, कधी पुन्हा मेला. शेवटी मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ही रायफलच खराब आहे." मला दुसरी मिळाली, बरी फायरिंग झाली आणि टीमच्या लिस्टमध्ये नाव लागलं. माझ्यापुरता विषय संपला.

पण ती रायफल गेली फर्स्ट इयरच्या एका मुलीकडे. पोझिशन घेण्याआधीच तिचा चेहरा उतरला. "ताई, तुमची ती खराबवाली मला आली ना?" भीत भीत तिने गोळ्या झाडल्या आणि लिस्टमधून बाहेर पडली.

रात्री घरी फोन केला. माझे पप्पा जिनिंगची मशिनं दुरुस्त करतात. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कशामुळे सुधारलं आणि कशामुळे बिघडलं?" मला सांगता येईना. ते म्हणाले, "पोरी, एका टायमाला एकच नट फिरवायचा. दोन फिरवले की मशीन काय सांगतंय ते कळत नाही."

चार सेमिस्टर प्रॅक्टिकल्स करून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते पाच मिनिटांत शिरलं.

सकाळी उस्तादांना विनंती केली. ते त्या मुलीला आणि मला घेऊन बसले. सगळ्यात आधी स्क्रू. लाकडी बट आणि लोखंडी भाग जोडणारा स्क्रू जरा ढिला निघाला. तो ढिला असला की प्रत्येक गोळीला रायफल आपल्या जागेवरून किंचित हलते. उस्तादांनी तो घट्ट केला, बाकी कशालाही हात लावला नाही. वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या. ग्रुप चांगलाच आवळला! मग फक्त पाकीट बदललं. नव्या काडतुसांचं वंगण बॅरलमध्ये बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जाऊ शकतात, त्या मोजायच्या नाहीत, हेही तेव्हाच कळलं. फारसा फरक पडला नाही. मग पिशवी काढली. ग्रुप पुन्हा आडवा पसरला! आता उरलं कोण? मीच. मी ट्रिगर दाबत नव्हते, ओढत होते.

मित्रांनो, हिशोब समरूप त्रिकोणांचा आहे. दोन साइटमधलं अंतर ६० सेमी धरा. पुढची साइट नुसती एक मिमी हलली तरी पंचवीस मीटरवर गोळी चार सेमी चुकते. ५० मीटरच्या स्पर्धेत तर दहा गुणांचं वर्तुळच १०.४ मिमीचं! त्याच अंतरावर आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण घेतलं आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक ब्राँझ. या पातळीवर रायफल शिकंज्यात पकडून काडतुसांचा एकेक लॉट तपासतात. म्हणजे माणूस वगळून आधी मशीन तपासायचं, नंतर माणूस.

तर रायफलचा दोष होता, पण अर्धाच. उरलेला अर्धा मी तिच्यावर ढकलला होता. त्या मुलीने तीच रायफल घेऊन माझ्यापेक्षा छान ग्रुप काढला. मी उस्तादांना सगळं खरं सांगितलं, पण लिस्ट तोवर वर गेली होती. ती म्हणाली, "राहू द्या ताई, पुढच्या वर्षी बघू." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

असो. परवा लॅबमध्ये एका सीआरओवर 'फॉल्टी' अशी चिठ्ठी दिसली. पूर्वी मी सरळ पुढच्या टेबलाकडे गेले असते. आता आधी प्रोब बदलून पाहिला... फक्त प्रोब!