अर्धा धडा

नांदेडला आम्ही तीस वर्षे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वाइंडिंग भरली. पुतण्या सुट्टीत दुकानात येऊन बसायचा. त्याला आम्ही एकच धडा दिला, "बाळा, आधी मेन बंद कर, मगच हात घाल." पुढे आयटीआय करून तो लातूरला एका कारखान्यात लागला. तिथे वेल्डिंगचा रोबोट आहे.

२०२४च्या उन्हाळ्यात निरोप आला, त्याचा हात भाजला. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत आम्ही एसटीने लातूर गाठले. उजव्या हाताला पट्टी होती. तो म्हणाला, "काका, मेन बंदच केला होता."

आमच्या काळजात चर्र झाले. धडा आमचाच होता, आणि तो अर्धाच होता.

डाव्या हाताने वहीवर रेघोट्या ओढून त्याने आम्हाला समजावले. रोबोटच्या हाताला सहा सांधे असतात आणि प्रत्येक सांध्याला एक मोटार. आपल्या पंपाची मोटार ५० हर्ट्झच्या लाइनवर एकाच चालीने फिरते. रोबोटच्या मोटारीला क्षणात पळायचे आणि क्षणात थांबायचे असते. म्हणून त्याच्या पॅनलमधला ड्राइव्ह ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज विजेची आधी डीसी करतो. ती सुमारे ५८० व्होल्टची वीज मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. तिथून ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन मोटारीला हवी तेवढीच वीज देतात. मोटार किती फिरली, ते मागे बसवलेला एन्कोडर ड्राइव्हला कळवतो.

मेन पाडला तरी कपॅसिटरमधली वीज लगेच जात नाही. नळ बंद केला म्हणून भरलेला रांजण रिकामा होत नाही, तसेच हे. ती उतरायला काही मिनिटे लागतात. किती, ते ड्राइव्हवर लिहिलेले असते. पण अक्षरे इंग्रजी आणि मागे काम सुरू करण्याची घाई.

सिंगल-फेज पंपाच्या कपॅसिटरचा झटका आम्हीही एकदा खाल्ला होता. हसून सोडून दिले. पोराला सांगितले नाही, ते आता सलते.

आपल्या वस्तीतली कितीतरी मुले-मुली आयटीआयला जातात. त्यांचे हात रोबोटपर्यंत पोचले, याचा आनंदच आहे. पण घरातून त्यांना धडा पुरा द्यावा: मेन बंद करा, त्याला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवा, लिहिलेली मिनिटे थांबा, मीटर लावून डीसी उतरल्याची खात्री करा, मगच हात घाला. मागून कोणी कितीही घाई करो.

पुतण्या पुन्हा कामावर जातो आहे. आमचा जुना मीटर आम्ही त्याला देऊन आलो.