बोर्ड, पाट आणि पाटी

आमच्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही. तरी 'बोर्ड' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. दिवा लागला नाही की सासूबाई म्हणतात, "अगं, बोर्डावरचं बटण बघ आधी." थोरला यंदा दहावीला आहे, त्यामुळे त्याच्यापुढे सकाळ-संध्याकाळ 'बोर्डाची परीक्षा'. धाकटी शाळेतून येते ती बोर्डावरचे उतरवून घ्यायचे राहिले म्हणून तोंड पाडून. जेवणानंतर दोघांना कॅरम बोर्ड हवा असतो. एसटी स्टँडवर उभे राहिले की एखादी म्हातारी हमखास विचारते, "बाळ, बोर्ड वाच की जरा, गारगोटीची हाय काय ही गाडी?" शेजारचे चाचा वीज बोर्डातून निवृत्त झाले, मशिदीच्या जागेचे कागद वक्फ बोर्डाकडे आहेत आणि साखर कारखान्याच्या बोर्डाच्या मीटिंगची बातमी पेपरात असतेच.

आठवीच्या वर्गात एका मुलाने आम्हाला विचारले, "मॅडम, पुसतो तो बोर्ड आणि परीक्षा घेतो तो बोर्ड, एकच काय?" वर्ग हसला. आम्हाला मात्र प्रश्न आवडला. त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि शब्दकोश काढला.

इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे मुळात लाकडाची फळी. एवढाच साधा अर्थ. ती फळी काळी रंगवून भिंतीला लावली की ब्लॅकबोर्ड झाला. दुकानावर नाव लिहून टांगली की साइनबोर्ड झाला. बटणे बसवली की स्विचबोर्ड. जहाजाच्या बाजूलाही पूर्वी 'बोर्ड' म्हणत, म्हणून जहाजावर चढणे म्हणजे 'बोर्ड' करणे. आमचे हाजी लोक आज विमानाने जातात, पण हातात कागद असतो तो बोर्डिंग पासच. लाकडाची बोट गेली, शब्द मागे राहिला.

हीच फळी चार पायांवर ठेवली की टेबल झाले. त्या टेबलाभोवती बसून जे लोक कारभार पाहतात, निर्णय घेतात, त्या मंडळींनाही बोर्ड म्हणू लागले. परीक्षा घेणारा बोर्ड तो हा. मराठीत त्याचे नाव 'माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ'. त्याच्या कोल्हापूर विभागात सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे येतात. पण 'मंडळाची परीक्षा' असे आमच्या गल्लीत कोणी म्हणत नाही. बोर्ड म्हणजे बोर्डच.

आता टेबलावर माणसे फक्त मीटिंगला बसत नाहीत, जेवायलाही बसतात. म्हणून 'बोर्ड' शब्दाला आणखी एक अर्थ मिळाला, तो म्हणजे रोजचे जेवण. स्टेशनजवळच्या जुन्या हॉटेलांवर 'बोर्डिंग अँड लॉजिंग' असे लिहिलेले असते. त्यातले लॉजिंग म्हणजे झोपायची सोय आणि बोर्डिंग म्हणजे जेवायची. आपल्या भाषेत सांगायचे तर हा बोर्ड म्हणजे दस्तरखान.

मुलांना आम्ही सांगितले, इंग्रजीला हसू नका, आपल्याकडेही हेच आहे. उर्दूत तख्ता म्हणजे फळी. वर्गातला फळा तो तख्ता-ए-सियाह, लहान मुलांनी लिहायची ती तख्ती, आणि बादशहा बसायचा ते तख्त. मराठीत ज्यावर बसून जेवायचे तो पाट आणि जिच्यावर अक्षर गिरवायचे ती पाटी. दोन्ही एकाच मुळातून आलेले शब्द. जेवण आणि अक्षर यांचे नाते इंग्रजीत एका शब्दात आहे, आपल्याकडे पाट-पाटीत आहे.

हे नाते कोल्हापूरने जेवढे ओळखले तेवढे फार थोड्या गावांनी ओळखले असेल. आमच्या शहरात 'बोर्डिंग' म्हटले की हॉटेल कोणाच्या डोक्यात येत नाही, दसरा चौकाचा परिसर येतो. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात शहरात शाळा-कॉलेज होते, पण खेड्यातल्या गरीब घरच्या मुलाने इथे येऊन राहायचे कुठे आणि खायचे काय? महाराजांनी नेमका हाच अडथळा हेरला. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढच्या वर्षांत जैन, लिंगायत, अस्पृश्य मानलेले समाज, अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी राहिली. 1906 मध्ये मुस्लिम समाजातील मंडळींना एकत्र करून महाराजांनी मुस्लिम शिक्षण संस्था स्थापन केली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा त्यांचा प्रसिद्ध निर्णय 1917 चा. म्हणजे पाटी सक्तीची करण्याच्या कितीतरी आधी त्यांनी पाट मांडला होता.

याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकले. पुढे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग सुरू केले. त्याला नाव दिले ते शाहू महाराजांचेच. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मोडले. फळ्यावर काय शिकवायचे हा प्रश्न नंतरचा होता. आधी चूल पेटती राहायला हवी होती.

आपल्याला तर ही गोष्ट नवी नसावी. मदीना शरीफमध्ये मस्जिद-ए-नबवीला लागून सुफ्फा नावाचा छपराचा ओटा होता. घरदार नसलेले सहाबा तिथे राहत आणि दीन शिकत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांपैकीच एक. त्यांच्या जेवणाची सोय इतर सहाबा करत. ज्याच्या घरी दोघांपुरते जेवण आहे त्याने तिसऱ्याला सोबत न्यावे, अशी शिकवण हुजूर (स.) यांनी दिली होती. यालाच आजच्या भाषेत बोर्डिंग म्हणायचे.

मग आज अडते कुठे? मागच्या वर्षी दहावीचा निकाल लागल्यावर आमच्या नात्यातली एक बाई मुलीला घेऊन घरी आली. राहणार डोंगराकडच्या वाडीत. मुलीला ऐंशीच्या वर टक्के, तिला सायन्सला जायचे होते आणि ते कॉलेज शहरात. पेढे ठेवून आई हळूच म्हणाली, "भाभी, फी भरू ओ आमी, म्हस इकू पायजे तर. पण पोरगी ऱ्हाणार कुठं, खाणार कुठं? तिचा बाप म्हणतोय, ऱ्हाऊ दे आता शिकणं." मुलगी खाली मान घालून ओढणीचे टोक पिळत होती.

बापाचा शिक्षणाला विरोध नव्हता. रात्री एसटी चुकली तर पोरीने काय करायचे, ही त्याची काळजी होती, आणि ती खरी होती. आम्ही वसतिगृहांत चौकशी केली. एका ठिकाणी जागा भरल्या होत्या, दुसरे कॉलेजपासून फार लांब. शेवटी मुलीच्या फुफीला विचारले. तिचे घर दोन खोल्यांचे, माणसे चार. ती म्हणाली, "चार ताटं वाढतो, पाचवं वाढू. त्यात काय इचारायचं?" मग सगळे स्पष्ट ठरले. तांदूळ आणि ज्वारी गावाकडून, भाजी-तेल फुफीकडे, रविवारी भाषांचा अभ्यास आमच्याकडे. मुलगी आता बारावीत आहे. म्हैसही गोठ्यात आहे.

प्रत्येकीला शहरात फुफी नसते. म्हणून निकालाची वाट न बघता मार्च-एप्रिलमध्येच चौकशी सुरू करावी. शासनाच्या अल्पसंख्याक विकास विभागाची मुलींसाठी वसतिगृहे आहेत, समाजाची बोर्डिंगे आहेत. अर्ज, दाखले, फोटो यांत पंधरा दिवस सहज जातात आणि तेवढ्यात जागा भरतात. ज्यांची घरे शहरात आहेत त्यांनी आपल्या नात्यात यंदा दहावीला कोण आहे, एवढे तरी बघावे. खोली रिकामी असायलाच पाहिजे असे नाही. कोणी महिन्याचे धान्य देईल, कोणी मेसचा एक वेळचा डबा उचलेल, कोणी परीक्षेच्या दिवसांपुरते मुलीला ठेवून घेईल. जकात आणि सदक्याचा हिशेब करताना फी आणि पुस्तके आपल्याला आठवतात, जेवणाचा डबा आठवत नाही. तोही त्या यादीत लिहावा.

आठवीतल्या त्या मुलाला आम्ही उत्तर दिले, "होय बाळा, बोर्ड एकच." तो लगेच म्हणाला, "मग जेवायचा बोर्ड पहिला, मॅडम. उपाशी पोटी परीक्षा कोण देणार?" वर्ग पुन्हा हसला. या वेळी आम्हीही हसलो, आणि त्याचे उत्तर फळ्यावर लिहून ठेवले.

यंदा निकाल लागेल तेव्हा आपण सगळे फोन करून विचारू, बोर्डात किती पडले? जरूर विचारावे, मुबारकबाद द्यावी. त्याच फोनवर आणखी एक वाक्य बोलावे: पुढे शिकायला कुठे जाणार, आणि जेवायची-राहायची सोय झाली का?