घाम वाळतच नाही!

महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर मला थंडी वाजली. ऑक्टोबर महिना, सकाळचे सव्वानऊ, खाली धोबीघाटावर उन्हात चादरींच्या रांगाच्या रांगा, आणि माझ्या हातांवर काटा! तेव्हाच कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. पण घड्याळात सोळा किलोमीटर झाले होते आणि अठरा करायचे होते. दोन किलोमीटर म्हणजे काय, सात रस्ता आला की भायखळा आलंच की! सात रस्त्याच्या अलीकडे मी फूटपाथवर बसले. पुढचं नीट आठवत नाही. एका टॅक्सीवाल्या काकांनी घरी सोडलं आणि पैसे घेतले नाहीत, एवढं आठवतं.

तर झालं असं. २०२३ मध्ये एका संपादकांनी मुंबईतल्या रनिंगच्या क्रेझवर स्टोरी मागितली. चार लोकांशी बोल, बुटांच्या किमती टाक, सहाशे शब्द. मी फ्रीलान्सर, मला काय, मी बोलले. बँकेतला एक व्हीपी मला चाळीस मिनिटं फक्त स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगत होता आणि त्याचे डोळे चमकत होते. म्हटलं, यात काहीतरी असणार. २०२४ च्या जानेवारीत मी मुंबई मॅरेथॉनमधली हाफ धावले, म्हणजे २१ किलोमीटर. हाफ पहाटेच सुटते. ऊन तापेपर्यंत मी घरी पोहे खात बसले होते. त्यामुळे माझा एक फारच गोड गैरसमज झाला की, आपल्याला जमतं. लगेच पुढच्या वर्षीच्या फुल मॅरेथॉनला नाव दिलं. ४२.१९५ किलोमीटर!

मग खरेदी आलीच. बूट घेतले, त्यांची किंमत आईला अजून सांगितलेली नाही. (२०२० मध्ये इथिओपियाचा देरारा हुरिसा याच मुंबईत दुसऱ्याचे उसने बूट घालून धावला आणि २ तास ८ मिनिटं ९ सेकंदांत स्पर्धेचा विक्रम करून गेला. हे मला खरेदीनंतर कळलं.) प्रॅक्टिसला घराजवळची राणीबाग होतीच. तीन हजारांहून जास्त झाडं, मॉर्निंग वॉकवाले काका-काकू, आणि त्यांच्या पलीकडे २०१६ मध्ये आलेल्या पेंग्विनांचं एसी घर. मी घामाने निथळत त्या इमारतीजवळून जायचे तेव्हा वाटायचं, भायखळ्यात योग्य तापमानात राहणारे एवढेच!

विनोद सोडा, पण तापमान हाच इथला सगळा खेळ आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूला साधारण दहा-बारा अंश मानवतात. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेसुद्धा त्याहून बरंच जास्त असतं, आणि वर दमटपणा. पहिली मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये फेब्रुवारीत झाली, पुढच्या वर्षीपासून ती जानेवारीत आणली गेली, तरीही. इथला पुरुषांचा विक्रम २०२३ मध्ये हायले लेमीने केला, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद. त्याच वर्षी शिकागोच्या गारव्यात केल्विन किपटम २ तास ३५ सेकंदांत पोहोचला. सात मिनिटांचा फरक! त्यातली निदान काही मिनिटं तरी आपल्या हवेच्या नावावर टाकायला हरकत नाही.

हे सगळं मला ऑक्टोबरनंतर कळलं. आमचे फॅमिली डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘‘पाणी किती प्यायलीस?’’ मी अभिमानाने सांगितलं, दोन लिटर. ‘‘आणि मीठ?’’ मीठ? आमच्या रनिंग ग्रुपमधल्या एका सीनियर रनरने सांगितलेलं, फक्त पाणी पीत राहा, बाकी सगळं मनाचं असतं. डॉक्टरांनी मनाचा विषय बाजूला ठेवला. घाम येण्याने शरीर थंड होत नाही म्हणाले, तो वाळला की थंड होतं. दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो. आतली उष्णता आतच राहते, आणि बाहेर जातं ते पाणी आणि मीठ. वर नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. तेही धोक्याचं. आणि उन्हात काटा येणं, थंडी वाजणं, ही शरीराची शेवटच्या काही सूचनांपैकी एक. ती ऐकायची असते.

आजी त्या दिवशी काहीच बोलली नाही. संध्याकाळी माझ्या पलंगाशी येऊन बसली आणि एकदम आजोबांविषयी सांगू लागली.

आजोबा गिरणीत साचेखात्यात होते, एवढं मला माहीत होतं. साचे म्हणजे माग. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून त्या खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवायचे. खिडक्या बंद, आणि वरून पाण्याचे बारीक तुषार. मुंबईचा मे महिना बाहेर, आणि त्याहून वाईट मे महिना आत. ‘‘घाम वाळायचाच नाही गो. घरी आले की शर्ट पिळून टाकायचे,’’ आजी म्हणाली. एका मे महिन्यात ते साच्यापाशीच कोसळले. दोघांनी धरून चाळीत आणलं. उन्हाने भाजलेला माणूस आणि अंगावर काटा! आजीने गोधडी घातली, ती चूक होती हे तिला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी ते परत दिवसपाळीला गेले.

‘‘दुसऱ्याच दिवशी?’’

‘‘मग? खाडा कोण भरून देणार होतं?’’ आणि जरा थांबून, ‘‘ते खाडा पडू नये म्हणून जायचे. तू कशाला जातेस?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर अजूनही नाही. आवडतं म्हणून, हे आजीसमोर म्हणायला जीभ रेटली नाही. दहा दिवस मी धावलेच नाही. अकराव्या दिवशी पहाटे ओट्यावर एक छोटी बाटली होती. कोकमाचं आगळ, पाणी घालून केलेलं, खारट-आंबट. आजोबा डब्याबरोबर हेच न्यायचे म्हणे. आजीने मला जा म्हटलं नाही, नको जाऊसही म्हटलं नाही.

मग मी नीट शिकले. पहिले दोन आठवडे अगदी हळू, कारण उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला तेवढा वेळ लागतोच. हळूहळू घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. धावण्याआधी आणि नंतर वजन करायचं. किलोभर कमी झालं, तर साधारण लिटरभर गेलं. एकदा दोन तासांत मी पावणेदोन किलोंनी हलकी झाले होते. (डाएटवाल्यांनो, खूश होऊ नका, ते सगळं पाणीच असतं.)

स्पर्धा रविवारी, १९ जानेवारी २०२५ ला. आदल्या दिवशी १८ जानेवारी. १९८२ मध्ये याच तारखेला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आजोबा. ते पुन्हा साच्यावर गेलेच नाहीत. १८ जानेवारीला आजी कमी बोलते. त्या रात्री तिने दोन बाटल्या भरून दिल्या आणि लवकर झोपली.

सीएसएमटीहून अंधारात सुटलो. मरिन ड्राइव्ह, चौपाटी, हाजी अली, सगळं कसं मस्त! सी लिंकवर उजवीकडे, शहराच्या मागे, सूर्य वर आला आणि हजारो लोकांनी मोबाइल काढले. मीही काढला. माहीमपर्यंत मी राणी होते. शिवाजी पार्कनंतर ऊन पाठीला टेकलं. आणि ३५ किलोमीटर पायात असताना समोर उभा राहिला पेडर रोडचा चढ. एरवी टॅक्सीत बसून तो चढ आहे हे लक्षातही येत नाही! दोन्ही बाजूंनी लोक संत्री, चिक्की, बर्फ घेऊन उभे होते. एक आजोबा प्रत्येकाला ‘‘बस, आता उतारच आहे’’ म्हणत होते. साफ खोटं.

तिथे, मध्यावर, हातावर काटा आला.

साडेपाच तासांत संपवायचं ठरवलं होतं, आणि तोपर्यंत ते जमतही होतं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘कमॉन, डोन्ट वॉक!’’ मी बाजूला झाले. एका झाडाच्या सावलीत उभी राहिले, एका मुलीकडून बर्फ मागून टोपीत भरला, उरलेलं आगळ संपवलं. घड्याळ चालूच होतं. रडू आलं, खोटं कशाला सांगू? सात-आठ मिनिटं गेली. काटा गेला. उरलेला चढ मी चालत चढले, आणि पुढेही बरंचसं चालतच.

५ तास ५२ मिनिटं.

मेडल गळ्यात घालून लोकलने आले. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. जिन्यावरून उतरताना पाय माझे नव्हते. आजी दारातच होती. तिने मेडल पाहिलंच नाही, आधी माझ्या दंडावरून हात फिरवला.

‘‘काटा आला होता?’’

‘‘आला होता. थांबले मग.’’

‘‘बरं केलंस.’’ मग मेडल हातात घेऊन तिने त्याचा अंदाज घेतला. ‘‘पैसे किती मिळाले?’’

‘‘मिळत नाहीत गं. आपण भरायचे असतात.’’

‘‘भरायचे? धावायला?’’ आजी इतकी हसली की तिला खोकला आला. डोळे पुसत म्हणाली, ‘‘जा, तो शर्ट काढ आणि पिळून टाक.’’