कोठीला काच

स्वयंपाकघरातल्या कोठीला दुधी काचेचं दार लावावं की नाही, या प्रश्नावर आमच्या घरात गेले तीन आठवडे जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. तेव्हा ‘मुलगा बी.कॉम. आहे आणि बँकेत आहे’ एवढ्यावर मुलीकडच्यांचं समाधान झालं होतं. दाराच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींचा काडीइतका उपयोग होत नाही.

कोठी म्हटल्यावर वाचकांनी वाड्यातली, कणग्या आणि रांजण असलेली कोठी डोळ्यांसमोर आणू नये. आमची इमारत पुण्यातली, चाळीस वर्षांपूर्वीची. बांधणाऱ्याला ओट्याच्या पलीकडे चार फूट बाय पाच फूट जागा उरली आणि तिचं काय करावं हे न सुचल्यामुळे त्याने तिला दार लावलं. या जागेला आई ‘कोठी’ म्हणते, आमची ही ‘स्टोअर’ म्हणते, आणि स्वयंपाकघर नवं करायचं ठरल्यापासून आमची कन्या ‘पॅन्ट्री’ म्हणते. पॅन्ट्री म्हटलं की मला रेल्वेतलं कटलेट आठवतं. मी आपला ‘ती खोली’ म्हणतो. तीन पिढ्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाने शक्यतो सर्वनामांवर भागवावं.

जुनं दार प्लायचं होतं. पावसाळ्यात फुगायचं आणि दिवाळीपर्यंत खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. ते बदलायचं यावर दुमत नव्हतं. पण हिने बाणेरला मावसबहिणीकडे दुधी काचेचं दार पाहिलं आणि मतभेदाला प्रारंभ झाला.

“अहो, आतला पसारा दिसत नाही, पण उजेड येतो. ओटा केवढा मोठा वाटतो!”

“म्हणजे दिसतं, पण दिसत नाही.”

“तेच तर!”

मी गप्प बसलो. कर्जाच्या अर्जामागे बारीक अक्षरांत ज्या अटी छापतात, त्यांच्याबद्दलही हेच म्हणता येईल.

खरं म्हणजे दुधी काच मला नवी नाही. बावीस वर्षं मी तिच्यासमोर बसतो आहे. आमच्या शाखेत मॅनेजरसाहेबांच्या केबिनला पुरुषभर उंचीची दुधी काच आहे. कर्ज मागायला आलेला माणूस बाहेरून नुसता रंगाचा डाग दिसतो. डाग खुर्चीत मागे रेलला की समजावं, काम झालं. डाग पुढे वाकूनच राहिला तर कागद कमी आहेत. आणि दोन डाग उभे राहून हात हलवू लागले तर शिपाई कोणी न सांगता पाणी घेऊन आत जातो. तेव्हा दुधी काचेने काही झाकलं जातं, यावर माझा मुळातच विश्वास नाही. तिच्यामुळे नावं झाकतात. हालचाली झाकत नाहीत.

दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, म्हणून आम्ही काचवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ कॉलेजात प्राध्यापक व्हायचा राहिलेला असावा. साध्या काचेवर जोराने वाळूचा मारा करतात किंवा तिला ॲसिडने खातात, म्हणजे ती खरबरीत होते, प्रकाश इकडेतिकडे फाकतो आणि काच दुधी दिसते. ॲसिडची हाताला रेशमासारखी लागते. वाळूची खरखरीत, तिच्यावर तेलकट बोटं लवकर उमटतात. हे दोन्ही परवडत नसेल तर साध्या काचेवर दुधी फिल्म चिकटवायची. एवढं सांगून त्याने ओला हात नमुन्याच्या खरबरीत बाजूवर फिरवला. हात फिरला तेवढ्यात काच साधी झाली आणि पलीकडे त्याचा चहाचा कप स्वच्छ दिसायला लागला. खळगे पाण्याने भरले की दूध नासतं! कन्येने टाळ्या वाजवल्या. मला मात्र आमच्या घरातले कणकेचे, हळदीचे, फोडणीच्या तेलाचे आणि नळाखालून थेट आलेले सहा ओले हात दिसले. म्हणजे गुळगुळीत बाजू ओट्याकडे हवी.

“आणि साहेब, काचेला चिकटून ठेवलेली वस्तू दिसते हं. वीतभर मागे सरकवली की नुसता रंग.”

पुढचा हिशेब मी घरी येऊन केला. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. आमचं दार अडीच फूट बाय साडेसहा. आठ मिलिमीटरची काच घेतली तर तीस किलो झाले! दर वेळी जिऱ्याची पुडी काढायला तांदळाचं एक पोतं बिजागरीवर फिरवायचं. ती टफन केलेली हवी, म्हणजे फुटलीच तर सुऱ्या न होता बोथट खडे होतात. पण एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. मापं आधीच बरोबर घ्यावी लागतात. हे ऐकून मला काचेबद्दल आदर वाटला. आमच्याकडे मंजूर झालेल्या कागदालाही सर्वांत आधी भोकं पाडतात.

आईचा विरोध पहिल्या दिवसापासून होता, आणि तो शास्त्रशुद्ध होता. “उजेडाने हळद उडते, तिखटाचा रंग जातो, तेलाला खवट वास येतो. लोणचं चिनी मातीच्या बरणीत का घालतात मग?”

“आई, आपले डबे स्टीलचे आहेत,” ही म्हणाली. “आणि पूर्वी दुभत्याच्या कपाटाला जाळीच असायची ना? सगळं दिसायचंच की.”

“जाळी वाऱ्यासाठी आणि मांजरासाठी होती. पाहुण्यांसाठी नव्हती.”

तुम्ही म्हणाल, म्हातारं माणूस आहे, नवं काही नको असतं. तसं नाही. मिक्सर, गॅस, मोबाईल सगळं तिने आनंदाने घेतलं. पण कोठीचं प्रकरण वेगळं आहे. १९७२ च्या दुष्काळात ती एकवीस वर्षांची होती. तिच्या माहेरी नगर जिल्ह्यात तेव्हा रेशनवरची तांबडी मिलो खाऊन दिवस काढले. शेजारीण आली की माझी आजी कोठीत जायची आणि रिकाम्या डब्यांची झाकणं वाजवायची, म्हणजे बाहेर वाटावं, चाललंय काहीतरी. आई अजूनही ‘साखर संपली’ म्हणत नाही, ‘साखर वाढली’ म्हणते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे एरंडेल लावलेले तांदूळ छतापर्यंत होते. तेव्हाही तिने कोठीचं दार कधी सताड उघडं राहू दिलं नाही. रिकामं दिसलं तर लोक कीव करतात आणि भरलेलं दिसलं तर दृष्ट लावतात, असा तिचा सरळ हिशेब आहे.

पण मला जी अडचण दिसत होती ती दुसरीच, आणि ती कोणापुढे मांडता येण्यासारखी नव्हती.

रोज रात्री अकराच्या सुमारास आई पाणी प्यायला उठते. कोठीत जाते, दिवा लावते आणि दार ओढून घेते. पाणी कोठीत नाही. कोठीत गूळ आहे.

गेली सहा वर्षं आईला साखर आहे. गूळ म्हणजे पिवळा झगा घातलेली साखरच, असं डॉक्टरांनी तिला बजावलं आहे आणि ती त्यांच्यासमोर मान हलवून आली आहे. गुळाच्या डब्यात ढेपेच्या कडेवरून रोज सुपारीएवढा खडा कमी होतो. जमाखर्चाच्या माणसाला हे कळल्याशिवाय राहत नाही. तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट सातच्या आसपास येतो, डॉक्टर फार कुरकुर करत नाहीत, म्हणून मी ही रक्कम ‘किरकोळ’ खात्यात टाकून दिली आहे. आयुष्यभर सगळ्यांना वाढून झाल्यावर तिने या घरात स्वतःसाठी एवढंच ठेवलंय: रात्रीची पाच मिनिटं आणि ओढून घेतलेलं दार.

आता तिथे दुधी काच लावा. बाहेर अंधार, आत दिवा, मधे पडदा. सिंधुदुर्गात पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, त्याला याहून वेगळं काही लागत नाही. तोंडाकडे जाणारा हात दिवाणखान्यातून दिसेल. कोणी काही बोलणार नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती खरोखरच पाणी प्यायला उठेल.

रविवारी मिस्त्री माप घ्यायला आला. आई भजनाला गेली होती. मी गेल्या तीन आठवड्यांत मिळवलेलं सगळं ज्ञान वापरून तडजोड मांडली. खाली पाच फूट लाकूड, वर दुधी काच. वजन कमी, ओले हात काचेला लागणार नाहीत, फोडणीचे शिंतोडे तिथवर पोचणार नाहीत, उजेड काय, वरूनही येतो. एकही कारण खोटं नव्हतं.

“चालंल,” मिस्त्री म्हणाला. “दिसंल बी चांगलं.”

ही माझ्याकडे बघत होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की नवऱ्याला अचानक काचेतलं एवढं का कळायला लागलं, हा प्रश्न पडतोच.

“पाचच फूट?” तिने विचारलं.

“का? पुरे की.” आई चार फूट दहा इंच आहे, हे मी बोललो नाही.

ती कोठीत जाऊन फळ्यांकडे बघून आली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “सव्वापाच करा. गुळाचा डबा वरच्या फळीवर आहे. आई टाचा उंच करतात.”

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवर लिहिलं : ५।.